सेल्फ मारताच गाडी थरथरते: आधी तपास, मग खर्च

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील लहान व्यापार आज चाकांवर उभा आहे. कापडाचे गठ्ठे असोत, किराणा असो, मासळी असो की वेल्डिंगवाल्याची आणि सुताराची हत्यारे असोत, सारे काही व्हॅन, पिकअप किंवा छोट्या टेम्पोतूनच गावोगाव जाते. दुकानाचे शटर उघडण्याआधी गाडी चालू व्हावी लागते. ती बंद पडली तर त्या दिवसाचे भाडे जाते, बाजार बुडतो आणि दिलेला शब्दही मोडतो. म्हणून गाडीचे दुखणे हा केवळ मिस्त्रीचा विषय नसून धंद्याचाही विषय आहे.

या दुखण्यांपैकी एक फार सर्रास आढळते. चावी फिरवली, सेल्फ मारला की गाडी सर्वांगाने थरथरते. स्टिअरिंग हलते, आरसे हलतात, डॅशबोर्ड खडखडतो. कधी दोन क्षणांत सारे शांत होते, कधी होत नाही. बहुतेक बांधव याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग एके दिवशी घाबरून गाडी गॅरेजला लावतात. तेथे अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो. प्लग झाले, बॅटरी झाली, कॉइल झाली. पैसे गेले आणि थरथर तशीच राहिली. मर्ज एक आणि दवा दुसरी, असा हा प्रकार होतो.

आमचा धंदा कापडाचा, गॅरेजचा नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे मालाच्या गाड्या वापरताना आणि चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून पाहताना जे कळले, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत. सारांश एवढाच की, गाडी थरथरते हे सांगणे पुरेसे नाही. ती नेमकी कधी थरथरते, हे सांगता आले पाहिजे. ते कळले की निम्मा तपास फुकटात होतो.

थोडी थरथर स्वाभाविक असते

प्रत्येक थरथर म्हणजे बिघाड नव्हे. इंजिनच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यामुळे दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो आणि चाल सफाईदार वाटते. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के जरा लांब पडतात. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीचे इंजिन तीन सिलिंडरचे होते. २००५ साली आलेल्या टाटा एसचे डिझेल इंजिन दोनच सिलिंडरचे, म्हणजे तेथे फेरीला एकच धक्का. तीनचाकी डिझेल टेम्पोत एकच सिलिंडर असतो, आणि तो उभ्या जागी कसा हलतो हे आपण रोज पाहतो. यावरून दोन सिलिंडरच्या गाडीने ईकोसारख्या चार सिलिंडरच्या गाडीइतके शांत राहावे, अशी अपेक्षा धरता येत नाही.

दुसरी गोष्ट, सेल्फवर इंजिन फार मंद फिरते, मिनिटाला साधारण दोन-तीनशे फेरे. चालू झाल्यावर ते सात-आठशे फेऱ्यांवर स्थिरावते. शिंप्याचे मशीन हळू चालवले तर टेबल हलते आणि वेग घेतला की सुरळीत चालते, तसेच हे आहे. म्हणून चालू होताना एक हलका झटका बसणे हे सर्वच गाड्यांत असते. आपली गाडी पूर्वी जशी होती त्यापेक्षा जास्त थरथरू लागली का, हाच खरा प्रश्न.

थरथर कधी होते, ते आधी पाहावे

सलग तीन दिवस सकाळी काच खाली करून, पंखा आणि रेडिओ बंद ठेवून गाडी चालू करावी व लक्ष द्यावे. चार प्रकार दिसतील.

पहिला, सेल्फ फिरत असतानाच गाडी अडखळते, आवाज ओढल्यासारखा येतो, दिवे मंद होतात. येथे बॅटरी, तिच्या तारा किंवा सेल्फ यांचा संशय धरावा.

दुसरा, इंजिन पेटते त्या क्षणी मोठा धक्का बसतो आणि मग सारे शांत. गाडी बंद करतानाही तसाच धक्का बसतो. येथे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेले असते ती रबरे पाहावीत.

तिसरा, रात्रभर थांबलेली गाडी सकाळी अर्धा-एक मिनिट थरथरते, मग नीट चालते, आणि दुपारी गरम असताना काहीच होत नाही. येथे इंधनाचा दाब, गळका इंजेक्टर, डिझेल गाडीचे हीटर प्लग किंवा क्वचित कूलंटची आतली गळती हे कारण असते.

चौथा, चालू झाल्यावरही थरथर थांबत नाही, चढावर गाडी ओढत नाही. मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कोठून तरी आत शिरणारी जादा हवा, हे येथे तपासावे.

हे चार प्रकार ओळखता आले तर मिस्त्रीसमोर उभे राहून ‘काहीतरी बघा’ म्हणण्याची वेळ येत नाही.

बॅटरी आणि अर्थिंग: सर्वांत स्वस्त तपास

कोकणात लोखंडाचा शत्रू ओलावा. महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड लवकर जमते आणि वीज अडते. ही पूड काढण्यासाठी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावे, स्वच्छ पुसावे आणि टर्मिनल घट्ट बसवून वर थोडे व्हॅसलीन लावावे. तार काढताना आधी वजा बाजूची काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी, म्हणजे पान्याने ठिणगी उडत नाही.

काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक घेतला तरी चालेल. रात्रभर थांबलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आली. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसावा. तेवढा दिसत नसेल तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा असू शकतो, आणि मग नवी बॅटरीही महिन्याभरात झोपेल.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ ओढत असेल तर अर्थिंगची तार पाहावी. ही तार इंजिनपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. आमच्या माहितीतील एका कापडवाल्याची व्हॅन पावसाळ्यानंतर सेल्फवर थरथरू लागली. एका गॅरेजने प्लग बदलले, मग नवी बॅटरी घालण्यास सांगितले. दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीने आधी अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली गंजाचा थर होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट परत आवळला आणि गाडी पूर्वीसारखी चालू झाली. पाच मिनिटांचे काम होते. पण ते पहिल्या जागी कोणी पाहिलेच नव्हते.

फाउंडेशन: रस्त्याची वसुली

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट बसवलेले नसते. तीन किंवा चार ठिकाणी रबर आणि लोखंडाचे फाउंडेशन असते व ते धक्के गिळते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून सुरू झाले आणि वर्षानुवर्षे आपण खड्डे, खडी आणि वळणरस्त्यांवरून माल वाहिला. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटाने जाणाऱ्या गाडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सतत जोर लावावा लागतो. या साऱ्याची वसुली फाउंडेशनकडून होते. रबर चिरते, तेल लागून मऊ पडते किंवा लोखंडापासून सुटते.

तपास सोपा आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि बॉनेट उघडून एकाने बाजूला उभे राहावे. दुसऱ्याने सेल्फ मारावा व मग बंद करावे. इंजिन थोडे हलले तर ठीक. ते उडी मारल्यासारखे एका बाजूला झुकले किंवा ठक्क असा आवाज आला तर त्या बाजूचे फाउंडेशन गेले आहे. हे पाहताना सैल बाह्यांचा कुडता, गळ्यातील रुमाल पट्ट्याजवळ येऊ देऊ नये, आणि मुलांना लांब ठेवावे. गाडीपुढे कोणी उभे राहू नये.

फाउंडेशन गेलेल्या गाडीचे इंजिन बिघडलेले नसते. परंतु तसेच चालवत राहिल्यास सायलेन्सरचा पाइप तडकतो, रबरी नळ्या आणि तारा ताणल्या जातात आणि उरलेल्या फाउंडेशनवर बोजा वाढतो. म्हणून हे काम लांबवू नये.

पेट्रोल आणि सीएनजी गाड्या

प्लग हा इंजिनचा साक्षीदार आहे. तो थंड इंजिनमधून काढून त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. ओलसर तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढत आहे. अगदी पांढरा पडला असेल तर इंजिन जादा गरम होते किंवा पेट्रोल कमी पडते. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलावे लागतात. इरिडियमचे त्याहून बरेच जास्त टिकतात. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच प्लग घ्यावा.

सीएनजीवर प्लगला अधिक जोराची ठिणगी द्यावी लागते, त्यामुळे कमजोर प्लग आणि कॉइल तेथे आधी उघडे पडतात. बहुतेक नव्या सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. येथे एक सोपी परीक्षा आहे. थरथर फक्त पेट्रोलवर असेल आणि गॅसवर जाताच थांबत असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूचा आहे. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले थोडेसे पेट्रोल आणि तुंबलेले इंजेक्टर हे त्याचे नेहमीचे कारण. सीएनजी आहे म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

इंधनाच्या दाबासाठी घरच्या घरी एक चाचणी करता येते. सकाळी सेल्फ न मारता चावी फक्त ऑनवर न्यावी. दोन-तीन सेकंद मागच्या बाजूने पंपाचा हलका आवाज येईल. चावी बंद करावी. असे दोन-तीनदा करून मग सेल्फ मारावा. एरवी थरथरणारी गाडी आता नीट चालू झाली, तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरतो असे समजावे. एवढे सांगितले तरी मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो.

पेट्रोलबद्दल आणखी एक. २०२५ पर्यंत देशात पंपांवरील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. आमच्या भागातील अनेक घरांतील मुले आखातात नोकरीला आहेत आणि त्यांच्या गाड्या दहा-दहा महिने अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असतात. अशा गाडीत पेट्रोल शिळे होते, त्यात ओलावा उतरतो, बॅटरी बसते आणि उंदीर तारा व नळ्या कुरतडतात. सुटीवर आलेला मुलगा चावी फिरवतो तेव्हा गाडी थरथरणारच. घरच्यांनी आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे प्रत्यक्ष चालवावी. अंगणातच दोन मिनिटे चालू करून बंद केल्याने सेल्फने खाल्लेली वीजही भरून निघत नाही.

डिझेल पिकअप आणि टेम्पो

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा दाबून गरम होते आणि त्यात डिझेल पेटते. थंडीत ही हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग दिलेले असतात. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण दिसते. ती विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारावा. महाडच्या उबदार हवेत एखादा हीटर प्लग मेलेला असला तरी कळत नाही. तीच गाडी माल घेऊन महाबळेश्वरला रात्री मुक्काम करते, जेथे उंची सुमारे १,३५० मीटर आहे, आणि डिसेंबरच्या पहाटे ती थरथरत, पांढरा धूर ओकत चालू होते. गाडी खाली आल्यावर पुन्हा ठीक होते आणि मालक विसरतो. थंडीपूर्वीच हीटर प्लग तपासून घ्यावेत.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. बऱ्याच गाड्यांत ते काढण्यासाठी खाली स्क्रू असतो. पावसाळ्यात ते वेळोवेळी काढावे. फिल्टर बदलल्यानंतर लगेच गाडी अडखळू लागली असेल तर लाइनमध्ये एअर राहिली आहे, ती काढून घ्यावी. काही नव्या डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते. ते झिजल्यास चालू आणि बंद करताना खडखडाट व थरथर होते. हे काम महाग आहे, म्हणून फाउंडेशन आणि हीटर प्लग पाहिल्याशिवाय तिकडे वळू नये.

या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नये

सकाळी थरथरीबरोबर गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि कूलंट दर काही दिवसांनी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरत असावे. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये आणि रोज पाणी भरून दिवस ढकलू नयेत. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतके आहे की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा नाश करते. रेस न देता गाडी बाजूला घ्यावी. ऑइलचा लाल दिवा चालू राहिला तर तत्काळ बंद करावी.

पुरानंतरची चावी

महाडकरांना हे वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि मालाबरोबर गाड्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणसाचा हात आधी चावीकडे जातो. हाच हात आवरला पाहिजे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टनची सारी ताकद त्या पाण्यावर आदळते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन कदाचित नंतर चालूही होते, पण कायमचे थरथरते, आणि त्याला प्लगचा इलाज चालत नाही.

पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू न करता बॅटरीची वजा तार काढावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टो करून न्यावी. मिस्त्री प्लग किंवा हीटर प्लग काढून पाणी बाहेर काढतो, ऑइल आणि फिल्टर बदलतो, मगच सेल्फ मारतो. विम्याचेही समजून घ्यावे. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरले जाते, पण पाणी शिरल्यावर इंजिन चालू केल्याने झालेली मोडतोड कंपन्या बहुधा नाकारतात. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड मिळते, तिच्याही अटी असतात. पॉलिसी पावसाळ्याआधी वाचावी.

गॅरेजमध्ये व्यवहार कसा करावा

आपण ताग्याचा भाव विचारल्याशिवाय माल उचलत नाही. गाडीचे काम मात्र ‘करून टाका’ म्हणून सोपवतो. हे बरोबर नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत संगणक असतो आणि तो दोषाचा कोड साठवून ठेवतो. मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर पार्ट खोलण्याआधी कोड वाचून घ्यावा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी ०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असे. कोड रोगाची जागा सांगतो, कारण नव्हे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी. दोष तिच्यामागे गेला तर कॉइल वाईट, जागीच राहिला तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळावे. अशा अदलाबदलीला नवा पार्ट लागत नाही.

बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि बिल लिहून घ्यावे. त्याचबरोबर तपासाची मजुरी द्यायला कुरकुर करू नये. आपण केवळ पार्टचे पैसे देतो आणि अकलेचे देत नाही, म्हणून तर काही मिस्त्री पार्ट बदलून आपली मजुरी काढतात. अर्धा तास डोके लावून बोल्ट घासून देणारा कारागीर हजारो रुपये वाचवतो. त्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे.

एक वही ठेवावी

उधारीची वही प्रत्येक दुकानात असते. तशीच गाडीची एक वही ठेवावी. बॅटरी कधी घातली, प्लग कधी बदलले, ऑइल किती किलोमीटरला झाले, थरथर कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी झाली, हे दोन ओळींत लिहावे. मग क्रम साधा आहे. आधी टर्मिनल आणि अर्थिंग, मग बॅटरीचा आकडा, मग फाउंडेशन, मग प्लग किंवा हीटर प्लग, मग फिल्टर आणि इंधन, आणि सर्वांत शेवटी इंजिन खोलण्याची गोष्ट. या क्रमाने गेल्यास आधीच्या पायऱ्यांवर खर्च कमी आणि दोष सापडण्याची शक्यता जास्त असते. इंजिन खोलावेच लागले तरी ते खात्रीने खोलले जाईल, अंदाजाने नव्हे.